प्रबंधात ‘फरक आढळला नाही’ असं निघालं, मग या पदवीला अर्थ काय?

पत्र : मानसशास्त्रात पदव्युत्तर पदवी मिळून चार महिने झाले. प्रबंधाचा विषय गाइडनीच दिला होता : फिरत्या पाळीत आणि कायम दिवसपाळीत काम करणाऱ्या परिचारिकांच्या झोपेची तुलना. दोन्ही गटांत ५६-५६ जणी होत्या. ‘पिट्सबर्ग स्लीप क्वालिटी इंडेक्स’ ही तयार प्रश्नावली भरून घेतली. सरासरी गुण फिरत्या पाळीचे ८.१ आणि दिवसपाळीचे ७.२ आले, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) दोन्हीकडे ३.२, पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.१४. ‘लक्षणीय फरक आढळला नाही’ असं लिहून प्रबंध दिला आणि पास झाले. फॉर्म भरताना फिरत्या पाळीतल्या बऱ्याच जणी विचारायच्या, “नेहमी किती वाजता झोपता म्हणजे कुठल्या आठवड्यातलं लिहू?” मी ‘अंदाजे लिहा’ म्हणायचे. प्रबंधात हे कुठेच आलेलं नाही. आता मुलाखतीत प्रबंधाबद्दल विचारलं की दोन वाक्यांत माझं बोलणं संपतं. शिकलेलं निम्मं विसरले आहे. घरचे म्हणतात, पीएचडी कर म्हणजे या पदवीला वजन येईल. मला तर वाटतं, या कागदाला अर्थच नाही. खरंच तसं आहे का?

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता सांगून टाकली आहे. “कुठल्या आठवड्यातलं लिहू?” हा त्या परिचारिकांचा प्रश्न म्हणजे तुमच्या प्रबंधाचं न लिहिलेलं प्रकरण आहे.

तुम्ही वापरलेली प्रश्नावली १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. ती गेल्या महिन्याबद्दल विचारते आणि तिचे पहिलेच प्रश्न ‘साधारणपणे’ किती वाजता झोपता, झोप लागायला किती मिनिटं लागतात, किती वाजता उठता आणि प्रत्यक्ष किती तास झोप होते, असे आहेत. दिवसपाळीतल्या बाईकडे या प्रश्नांना एक उत्तर असतं. फिरत्या पाळीतली बाई त्याच महिन्यात एक आठवडा रात्री दहाला, एक आठवडा मध्यरात्रीनंतर आणि एक आठवडा सकाळी नऊला झोपलेली असते. तिच्याकडे ‘साधारणपणे’ असं काही नसतंच. मग कुणी शेवटच्या आठवड्याचं लिहिलं असेल, कुणी सगळ्यात वाईट आठवड्याचं, कुणी मनातल्या मनात सरासरी काढली असेल. म्हणजे मोजमाप एका गटात नीट बसलं आणि दुसऱ्या गटात ढिलं झालं. या ढिलाईने फरक वाढला की झाकला गेला, हे आता आकड्यांवरून सांगता येणार नाही. पण हा प्रश्न तुमच्या कानावर पडला, लक्षात राहिला आणि चार महिन्यांनी पत्रातही आला. पदवीने हेच शिकवायचं असतं. ते तुमच्यापर्यंत पोहोचलेलं आहे, फक्त तुम्ही ते कागदावर उतरवलं नाही.

एखादं विधान आपण कशाच्या आधारावर करतो आहोत आणि तो आधार कुठे संपतो, हे या माणसाला स्वतः तपासता येतं, अशी ग्वाही पदव्युत्तर पदवी देते. निकाल हवा तसा लागला, विषय स्वतः शोधला किंवा सगळं तोंडपाठ आहे, यांपैकी कशाचीच ती ग्वाही देत नाही. युरोपातल्या पात्रता-चौकटीत पदव्युत्तर शिक्षण सातव्या पातळीवर आहे. त्या पातळीच्या वर्णनात विशेष ज्ञानाच्या जोडीला त्या ज्ञानाकडे चिकित्सकपणे पाहता येणं आणि गुंतागुंतीच्या, अनपेक्षित परिस्थितीत काम सांभाळता येणं अपेक्षित धरलेलं आहे. तिथल्या १२० क्रेडिटच्या अभ्यासक्रमात एका क्रेडिटला २५ ते ३० तास धरले, तर एकूण ३००० ते ३६०० तासांचं काम होतं. एवढ्या तासांमधली व्याख्यानं विसरली जाणारच. कामाची सवय मात्र टिकायला हवी.

ती टिकली आहे का, हे एका संध्याकाळी तपासता येईल. तुमच्या विषयातला पूर्वी न वाचलेला एक शोधनिबंध घ्या. सारांश आणि चर्चेचा भाग झाका. फक्त पद्धत आणि तक्ते वाचून अर्ध्या पानात लिहा : प्रश्न काय होता, कुणाला मोजलं आणि कुणाला वगळलं, कशाने मोजलं, यावरून काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही. मग झाकलेला भाग उघडून ताडून पाहा. लेखकांनी मान्य केलेल्या मर्यादांपैकी एक-दोन तुम्हाला आधीच दिसल्या असतील तर काळजीचं कारण नाही. तक्त्यांपाशीच अडलात, तर उणीव संख्याशास्त्रात आहे. तिथे पीएचडीची गरज नाही, एका चांगल्या पाठ्यपुस्तकाबरोबर दोन-तीन महिने नेमाने बसावं लागेल.

आता ‘फरक आढळला नाही’ या वाक्याकडे येऊ. हे वाक्य जसं आहे तसं सोडू नका. पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर गेली म्हणजे दोन्ही गट सारखे आहेत असं सिद्ध होत नाही. तुमच्याच आकड्यांवरून फरक ०.९ गुणांचा आहे आणि त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे माहितीशी जुळणाऱ्या फरकांचा पट्टा, साधारण उणे ०.३ ते अधिक २.१ असा येतो. या प्रश्नावलीत गुण जितके जास्त तितकी झोप वाईट. म्हणजे फिरत्या पाळीची झोप किंचित चांगली असण्यापासून ते दोन गुणांनी वाईट असण्यापर्यंत सगळ्या शक्यता तुमच्या माहितीशी जुळतात. एकूण गुण ० ते २१ असताना दोन गुणांचा फरक लहान म्हणता येत नाही. प्रबंधात ‘उपलब्ध नमुन्यावरून निश्चित सांगता येत नाही’ असं यायला हवं होतं.

तसं का झालं, याचं उत्तर नमुन्याच्या आकारात आहे. ८० टक्के पॉवर (फरक खरोखर असेल तर तो पकडला जाण्याची शक्यता) आणि ५ टक्के पातळी (पी-व्हॅल्यूची ०.०५ ही मर्यादा) धरली, तर प्रमाण विचलनाच्या अर्ध्याएवढा फरक पकडायला प्रत्येक गटात ६४ जण लागतात. फरक प्रमाण विचलनाच्या ०.३ पट एवढाच असेल तर प्रत्येक गटात सुमारे १७५ लागतात. ५६-५६ जणींमध्ये एवढा फरक खरोखर असला, तरी तो तुमच्या हाती लागण्याची शक्यता साधारण ३५ टक्केच होती. हा हिशेब माहिती गोळा करण्याआधी करायचा असतो आणि किती फरक व्यवहारात महत्त्वाचा हे आधीच ठरवून करायचा असतो. आपल्याच निकालातून निघालेला फरक घेऊन मागाहून पॉवर काढण्याची पद्धत दिसते खरी, पण त्यातून पी-व्हॅल्यूने सांगितलं त्यापलीकडे काहीच कळत नाही. ते करू नका.

आणखी एक गोष्ट तुमच्या नजरेतून निसटलेली दिसते. या प्रश्नावलीत ५ पेक्षा जास्त गुण म्हणजे झोप चांगली नाही, असं धरतात. तुमच्या दोन्ही गटांची सरासरी ७ च्या वर आहे. म्हणजे दिवसपाळीतल्या परिचारिकाही नीट झोपत नव्हत्या! सरासरीवर थांबू नका, प्रत्येक गटात ५ च्या वर किती जणी आहेत ते मोजा. ते प्रमाण दोन्हीकडे मोठं निघालं, तर पाळी हे एकमेव कारण धरून चालणार नाही. कामाचा ताण, घरची जबाबदारी, प्रवास यांकडेही पाहावं लागेल. तुलनेचा निकाल लागला नाही या निराशेत ही बाजू झाकली गेली.

त्याआधी गुणांकन पुन्हा तपासा, कारण पाळीवाल्यांच्या माहितीत चुका नेमक्या तिथे होतात. या प्रश्नावलीचे सात घटक असतात आणि प्रत्येकाला ० ते ३ गुण. त्यांतला एक घटक झोपेच्या कार्यक्षमतेचा : प्रत्यक्ष झोपेचे तास भागिले अंथरुणात घालवलेले तास, गुणिले १००. ८५ टक्क्यांहून जास्त असेल तर ०, आणि ६५ च्या खाली गेलं की ३. अंथरुणातले तास काढताना उठण्याच्या वेळेतून झोपण्याची वेळ वजा करतात आणि मध्यरात्र ओलांडली की उत्तर उणे येतं. काही जणी नुसतं ‘९’ लिहितात. ते सकाळचे की रात्रीचे, हे पाळी पाहिल्याशिवाय कळत नाही. कार्यक्षमता १०० च्या वर किंवा शून्याच्या खाली गेली असेल अशी प्रत्येक ओळ शोधा आणि मूळ फॉर्मशी जुळवा. ५६ जणींमध्ये अशा सात-आठ ओळी चुकलेल्या निघाल्या, तर सरासरी हलू शकते.

हे काम करताना मूळ फाइलला हात लावू नका. तिची एक प्रत जशीच्या तशी ठेवा आणि दुरुस्त्या दुसऱ्या प्रतीत करा. कुठल्या क्रमांकाच्या फॉर्ममध्ये काय बदललं आणि का, हे तिसऱ्या कागदावर तारखेसह टिपा. प्रत्येक स्तंभाचा अर्थ, एकक आणि न भरलेल्या उत्तरासाठी वापरलेला संकेत लिहिलेली एक यादी सोबत असू द्या. ही शिस्त प्रबंधाच्या गडबडीत बहुतेकांकडून राहून जाते. मग सहा महिन्यांनी ‘व्ही१४’ नावाचा स्तंभ कशाचा, हे करणाऱ्यालाच आठवत नाही. संमतिपत्रही काढून वाचा. ‘माहिती फक्त या पदवीसाठी वापरली जाईल’ असं त्यात लिहिलेलं असेल, तर तपासणी करायला हरकत नाही, पण लेख प्रसिद्ध करण्याआधी नैतिकता समितीला विचारावं लागेल.

हे सगळं झालं की दोन पानांचं टिपण लिहा. पहिल्या पानावर, हे मोजमाप या लोकांना का बसलं नाही. दुसऱ्या पानावर, पुन्हा करायचं झालं तर काय बदलाल. इथे ‘नमुना वाढवू’ एवढं लिहून थांबू नका. चुकीच्या मापाने ११२ ऐवजी ३५० जणींना मोजलं, तरी शंका तीच राहते. पाळीचं एक पूर्ण चक्र बसेल इतके दिवस, समजा १४ किंवा २१, झोपेची रोजनिशी भरून घेता येईल. काही जणींच्या मनगटावर हालचाल नोंदवणारं यंत्र बांधून रोजनिशी पडताळता येईल. म्युनिक क्रोनोटाइप (माणसाचा झोपण्या-उठण्याच्या वेळेचा नैसर्गिक कल) प्रश्नावलीची पाळीत काम करणाऱ्यांसाठीची आवृत्ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात प्रत्येक पाळीतल्या झोपेच्या वेळा वेगवेगळ्या विचारल्या जातात. प्रत्येक पर्यायाची किंमतही लिहा : रोजनिशी लोक चौथ्या-पाचव्या दिवशी कंटाळून एकदम भरतात, यंत्रं महाग असतात आणि परत गोळा करावी लागतात, वेगळी प्रश्नावली वापरली की जुन्या अभ्यासांशी तुलना अवघड होते. अशी तोलामोलाची निवड कागदावर मांडता येणं हे पदव्युत्तर दर्जाचं काम आहे. तुमच्या प्रबंधातली ही पोकळी चार-पाच दिवसांत भरून निघेल.

गाइडनी विषय दिला, याचा सल ठेवू नका. बहुतेक प्रबंधांत विषय असाच येतो आणि त्यात काही गैर नाही. विषय कुणाचाही असो, त्यात मोजमाप कुठे घसरलं हे फॉर्म भरून घेणाऱ्याला सगळ्यात आधी कळतं. तुम्ही ते गाइडना सांगायला हवं होतं आणि गाइडनीही ‘फॉर्म भरताना लोक काय म्हणाले?’ हे विचारायला हवं होतं. दोन्ही बाजूंनी ते राहिलं. टिपण तयार झालं की ते घेऊन त्यांना भेटा. तक्रार म्हणून जाऊ नका, ‘सर, हे प्रबंधात यायला हवं होतं असं वाटतं, एकदा पाहाल का?’ एवढंच म्हणा. पुढे शिफारसपत्र लागलं, तर ते लिहायला त्यांच्या हाती या भेटीतून काहीतरी ठोस येईल.

मुलाखतीत तुमची अडचण अशी होते, की तुम्ही निकालापासून सुरुवात करता आणि निकाल बोलण्यासारखा वाटत नाही. प्रश्नापासून सुरुवात करा. दीड मिनिटात बसेल असं काहीसं : “फिरत्या पाळीतल्या परिचारिकांची झोप दिवसपाळीपेक्षा वाईट असते का, हे मी पाहिलं. ११२ जणींकडून प्रमाणित प्रश्नावली भरून घेतली. फरक ०.९ गुणांचा आला, पण नमुना लहान असल्याने नक्की सांगता आलं नाही. दोन्ही गटांची सरासरी मात्र चांगल्या झोपेच्या मर्यादेबाहेर होती. काम करताना लक्षात आलं, की प्रश्नावली झोपेची एकच नेहमीची वेळ गृहीत धरते आणि फिरत्या पाळीत ती नसते. आज केलं तर पाळीचं पूर्ण चक्र झोपेची रोजनिशी भरून घेईन.” गुणांकन तपासल्यावर आकडे बदलले, तर इथेही बदला आणि प्रबंधात आधी वेगळे होते हे विचारल्यास सांगा. समोरचा मानसशास्त्राचा नसला तरी, गोळा केलेल्या माहितीवर या व्यक्तीने शंका घेतली आणि उपायही सुचवला, हे त्याला समजतं. बायोडेटात प्रबंधाचं लांबलचक शीर्षक देऊन जागा घालवू नका. एका ओळीत काय केलं ते क्रियापदांनी लिहा : प्रश्नावली राबवली, ११२ जणींची माहिती तपासली, विश्लेषण केलं, मोजमापाच्या मर्यादा मांडल्या.

राहिली पीएचडी. आधीच्या पदवीला वजन आणण्यासाठी ती करू नका, हे अगदी स्पष्टपणे सांगायला हवं. ती वेगळ्या कामासाठीची पदवी आहे. आजच्या अर्थाची पीएचडी एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्यापीठांमध्ये घडली. अमेरिकेत येल विद्यापीठाने १८६१ मध्ये पहिल्या तीन दिल्या आणि ऑक्सफर्डने तर ती १९१७ मध्ये सुरू केली. सगळीकडे अट एकच राहिली : ज्ञानात स्वतःची, तपासून पाहता येईल अशी भर. पदव्युत्तर प्रबंधात पद्धत नीट वापरल्याचं दाखवलं तरी भागतं. पीएचडीत प्रश्नच तुम्हाला उभा करावा लागतो, तो अनेक वर्षं सांभाळावा लागतो आणि बराच काळ काहीही हाती न लागता काम चालू ठेवावं लागतं. पहिल्या पदवीबद्दलची बोच मिटवायला गेलेला माणूस दुसऱ्या वर्षाच्या आसपास अडकतो, कारण बोच एव्हाना कमी झालेली असते आणि प्रश्न मात्र कधी त्याचा झालेलाच नसतो.

तुमच्याकडे एक खरा प्रश्न आहे : ज्यांच्या झोपेला ठरलेली वेळच नाही, त्यांची झोप मोजायची कशी? तीन महिने पदवीचा विचार बाजूला ठेवून या प्रश्नावर वाचा. पंधरा-वीस निबंध पुरे. प्रत्येकाला अर्धं पान द्या आणि कुणी कशाने मोजलं याचा तक्ता करत जा. तक्ता भरताना पुढचा निबंध आपणहून शोधावासा वाटला, तर अर्ज करा. दहाव्या निबंधानंतर ओढून-ताणून चाललं असेल, तर नोकरी धरा. तुमची आत्ताची पदवी त्यासाठी पुरेशी आहे.

अर्ज करायचा ठरला तर मार्गदर्शकाचं नाव मोठं आहे की नाही यापेक्षा पुढच्या गोष्टी विचारा. त्यांच्या हाताखाली गेल्या काही वर्षांत किती जण लागले, किती जणांनी पूर्ण केलं, किती वर्षांत आणि सोडून गेलेल्यांनी का सोडलं? भेट किती दिवसांनी होते आणि लिहिलेलं प्रकरण किती दिवसांत वाचून परत मिळतं? शिष्यवृत्ती किंवा पगार किती काळाचा आहे आणि काम त्यापुढे गेलं तर काय? मार्गदर्शक दुसरीकडे गेले किंवा निवृत्त झाले तर विद्यार्थ्याचं काय होतं? लेखात पहिलं नाव कुणाचं आणि ते कधी ठरतं? ही उत्तरं त्यांच्याकडून घ्याच, शिवाय सध्या तिथे काम करणाऱ्या दोन आणि सोडून गेलेल्या एका विद्यार्थ्याकडूनही वेगवेगळी घ्या. भेटीची वारंवारता आणि लेखकांचा क्रम यावर चौघांची उत्तरं जुळली नाहीत, तर तिथे प्रवेश घेण्याची घाई करू नका. जुळली, तर ठरलेल्या गोष्टींची एक साधी ईमेल मार्गदर्शकांना पाठवा आणि त्यांचा होकार लेखी आल्यावरच फॉर्म भरा.